नाव आणि जहाज

आमच्या टास्मानिया बेटावर कुणालाही विचारा, त्याचे आईबाप स्वखर्चानं आलेले असतात. कुणाचा बाप जमीन मोजायला आला, कुणाचा मेंढ्यांचा कळप घेऊन आला, कुणाची आई गव्हर्नरच्या पोरींना पियानो शिकवायला आली. पन्नास वर्षं विलायतेनं आपले चोर-दरोडेखोर जहाजं भरभरून इथं आणून ओतले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ती माणसं गेली कुठं म्हणाल, तर कुणास ठाऊक, समुद्रात विरघळली असतील. बेटानं स्वतःचं नावसुद्धा बदललं. व्हॅन डिमेन्स लँड म्हटलं की जगाला बेड्यांचा खणखणाट ऐकू यायचा, म्हणून कैद्यांचं शेवटचं जहाज येऊन गेलं आणि थोड्याच वर्षांत आम्ही टास्मानिया झालो. अख्ख्या मुलखानं नाव बदललं, तिथं एका होनोरा व्हेनिंगनं बदललं तर बिघडलं कुठं?

होनोरा म्हणजे ह्युऑन नदीकाठच्या सेल्बी कोव्ह गावात, वरच्या अंगाला ज्याची सफरचंदांची बाग आहे, त्या रूबेन व्हेनिंगची म्हातारी आई. आल्यागेल्याला ती सांगे, "मी लग्न करूनच आले हो आयर्लंडहून, नवऱ्याचा हात धरून." खरं म्हणजे ती आली होती इसाबेला ग्रँट नावाच्या जहाजातून, राणीच्या खर्चानं, सात वर्षांची सजा घेऊन. नवरा तिला इथंच भेटला. एमॉस व्हेनिंग, लाकूडकाप्या, तोही सरकारी पाहुणाच. लग्नाच्या दिवशी दोघांनी एकमेकांना शपथ घातली, की पोराबाळांना यातलं अक्षर कळू द्यायचं नाही. एमॉस ती शपथ पोटात घेऊन मातीत गेला. रूबेन पन्नाशीला टेकला तरी त्याला पत्ता नव्हता.

रूबेनला कळलं असतं तर त्यानं चार दिवस दाढी खाजवली असती आणि पुन्हा झाडांना औषध मारायला गेला असता. होनोराला धास्ती होती ती सुनेची. लव्हिनियाचे वडील, जोसाया थ्रप, स्वखर्चानं आलेल्यांतले अगदी अव्वल. मोजणीदाराची साखळी खांद्यावर टाकून आले, असं ती सांगे, आणि त्यांची तसबीर दिवाणखान्यात अशी लावली होती की दारातून आत पाऊल टाकलं की पहिले तेच दिसावेत. गावातल्या हॉस्किनबाईंच्या सासऱ्याच्या पायात एकेकाळी बेड्या होत्या, असं कुणीतरी कुजबुजलं, तेव्हापासून चॅपेलच्या चहाला लव्हिनिया हॉस्किनबाईंच्या हातचा स्कोन खात नसे. भूक नाही म्हणे. आणि लगेच पुढच्या बाईच्या ताटातले दोन उचले.

बरं, सून वाईट म्हणावी तर तसंही नाही. थंडीत म्हातारीचे गुडघे धरले की निलगिरीचं तेल कोमट करून स्वतःच्या हातानं चोळणारी होती ती. रात्री दोनदा उठून पांघरूण बघणारी होती. म्हणूनच तर होनोराचा जीव टांगणीला. ज्या हातांनी ती गुडघे चोळते, ते हात एक दिवस भूक नाही म्हणून मागे घेतले जातील, या एका भीतीपायी म्हातारी अर्धं आयुष्य मूग गिळून बसली होती.

मग तो मतदानाचा प्रकार उपटला.

सहा वसाहती जोडून ऑस्ट्रेलिया नावाचा एक देश झाला, त्याला दोन वर्षं झाली होती. त्या दिवशी गावात पताका लागल्या, पोरांना बिल्ले आणि गोड पाव वाटले, आणि होनोरा पताकांखाली उभी राहून आ वासून बघत होती. ज्या जागेचं नाव काढलं की आयर्लंडात आया पोरांना गप्प करायच्या, ती जागा देश झाली? तुरुंगाला कधी झेंडा असतो का? आणि आता तर त्या देशानं ठरवलं होतं, की बायकांनीही मत द्यायचं. जगात फार कुठं नव्हतं असलं काही. लव्हिनिया दारूबंदीच्या मंडळातली. तिच्या अंगात तर वारंच शिरलं.

मतदारांची नावं लिहून घ्यायला खुद्द पोलीस शिपाई घरोघर फिरला. फाटकाशी टोपी दिसली आणि होनोरा रास्पबेरीच्या काट्यांत जाऊन बसली. शिपाई निघून गेला तरी तिची पाचावर बसलेली धारण उठेना. शेवटी लव्हिनियानंच तिला हाताला धरून बाहेर काढलं.

"आई, अहो, तिथं काय शोधत होता?"

"पिकल्यात का बघत होते."

"ऑगस्टात?" लव्हिनिया तिच्या केसांतली काटकी काढत म्हणाली. "बरं, तुमचं नाव दिलंय मी. होनोरा व्हेनिंग, विधवा. आता मत द्यायला यायचं. नाही म्हणायचं नाही."

"मला मेलीला काय कळतं त्यातलं? तू दे माझं पण."

"तसं चालत नाही. ज्याचं त्यानं द्यायचं. देश आहे हा आता, आई. एकाचं जेवण दुसऱ्यानं जेवून कसं चालेल?"

त्यानंतर कित्येक दिवस म्हातारीनं आजारी पडायची तयारी केली. पण खरं सांगायचं तर आत कुठंतरी तिला जायचंही होतं. रात्री अंथरुणावर पडलं की ती नवल करत बसे. तिकडं आयर्लंडात, क्लेअर परगण्यात दुष्काळ पडला तेव्हा बटाटे जमिनीतच काळे पडले. आई गेली, धाकटा भाऊ गेला. जमीनदाराच्या गवताच्या गंजीला तिनं आग लावली ती मुद्दाम. लावून पळाली नाही. शिपाई येईपर्यंत गंजीशेजारी शेकत बसली. हद्दपारीच्या जहाजावर दोन वेळ खायला मिळतं, असं ऐकलं होतं ना. न्यायाधीशानं काय काय विचारलं, पण पोरी, जेवलीस का, एवढं विचारलं नाही. आणि आज तेच सरकार विचारतंय, की बाई, राज्य कुणी करावं तुझ्या मते? हे कसं झालं? कोणी केलं? आपण तर नुसतं लाकडं वाहिली, धुणी धुतली, झाडं लावली.

डिसेंबरात मतदानाचा दिवस उजाडला. ऊन चांगलं तापलं होतं, झाडांवर सफरचंदं लिंबाएवढी झाली होती. रूबेन पहाटेच मत देऊन धक्क्यावर गेला होता. लव्हिनियानं घोडागाडी जुंपली, सासूला काळी टोपी घातली, हनुवटीखाली फीत बांधली. वाटेत पुन्हा एकदा शिकवणी झाली.

"कागद देतील. पडद्याआड जायचं. ज्याला मत द्यायचं त्याच्या नावापुढच्या चौकटीत फुली मारायची. येते ना फुली?"

"येते," होनोरा म्हणाली. आयर्लंडात, एनिसच्या कोर्टात तिनं एका कागदावर फुली मारली होती. तेव्हा वाचता येत नव्हतं. त्या फुलीनं तिला जगाच्या या टोकाला आणून टाकलं. वाचायला तिला पुढं एमॉसनं शिकवलं, चुलीपुढं बसून.

"आणि दारूबंदीवाल्याचं नाव दुसरं आहे. दुसरं."

"तुझे सासरे संध्याकाळी एक ग्लास बिअर घ्यायचे गं."

"म्हणूनच सांगते."

खाडीच्या वळणावर तिला ऑयस्टर कोव्हची एक बाई आठवली, गोरे येण्याआधीपासून इथं राहणाऱ्या मूळच्या लोकांतली. या बेटाची खरी मालकीण म्हणावी अशी. तिच्या माणसांना गोळा करून, कैद्यांसाठी बांधलेल्या ओल्या घरांत आणून ठेवलं होतं. तरुणपणी होनोरा एकदा तिथं सरकारी धुणं पोचवायला गेली, तेव्हा तिनं होनोराला पाण्याचा तांब्या पुढं केला होता. एका तुरुंगातलीनं दुसऱ्या तुरुंगातलीला द्यावा तसा. तिच्या माणसांपैकी कुणाचं नाव लिहून घ्यायला शिपाई गेला होता का? नसेलच गेला. या देशाबद्दल नवल करताना होनोराच्या घशात दरवेळी हे एक कुसळ अडकायचं, आणि ते अडकावंच.

मतदान होतं खालच्या आळीच्या सभागृहात. गाडी तिथं थांबली आणि म्हातारीनं गाडीचा कठडा घट्ट धरला. पोरांच्या शाळेचे कार्यक्रम तिथंच व्हायचे, चॅपेलचे चहा तिथंच, पण होनोरा इतक्या वर्षांत कधी आत गेली नव्हती. रूबेनला बक्षीस मिळालं तेव्हाही पोट दुखतं म्हणून घरी राहिली. कारण ती जागा म्हणजे जुनी पोलीस कचेरी. सजेतला काही काळ गेला की कैद्याला बाहेर मोलमजुरी करू देत, पण ठरल्या दिवशी येऊन या कचेरीत हजेरी लावायची. रांगेत उभं राहायचं. टेबलामागचा साहेब मान वर न करता विचारायचा, नाव? की आपण नाव सांगायचं, आणि नावामागोमाग जहाज. बेटावर एका नावाच्या दहा मेरी आणि वीस ब्रिजेट होत्या. कोण कुठली हे जहाजावरूनच कळायचं. माणूस म्हणजे नाव आणि जहाज. बाप, गाव, कूळ, सगळं त्या जहाजातच बुडालेलं.

"चला आई," लव्हिनिया म्हणाली. "गर्दी नाही फार."

आत गेल्यावर होनोराला वाटलं, काहीच बदललं नाही. रंग नवा होता, भिंतीवर राजाचं चित्र होतं, पण तीच उंच खिडकी, तोच उन्हाचा तिरपा पट्टा फरशीवर. लांब टेबल. पुढं रांग. रांगेत गावचीच माणसं होती. हॉस्किनबाई होत्या, त्यांच्यापुढं म्हातारा सुतार होता. होनोरा मान खाली घालून उभी राहिली. हात आपोआप बाजूला सरळ झाले, कुणी शिकवल्यासारखे. लव्हिनियानं ते बघितलं, पण तिला वाटलं, म्हातारी घाबरली.

रांग पुढं सरकली. टेबलामागं नवे शाळामास्तर बसले होते, मिस्टर ओक्स. मिसरूड फुटून फार दिवस झाले नव्हते. हुशार, चटपटीत. समोरच्या यादीतून मान वर न काढता ते म्हणाले, "नाव?"

आणि म्हातारीच्या तोंडून, तिला विचारल्याशिवाय, खणखणीत आवाजात निघालं, "होनोरा क्युसॅक, इसाबेला ग्रँट."

म्हाताऱ्या सुतारानं टोपी काढून हातात धरली आणि तो जमिनीकडे बघायला लागला. हॉस्किनबाईंनी पदार्थ करपल्याचा वास आल्यासारखी झटकन मान वळवली. होनोराला आपण काय बोललो ते कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. इतक्या वर्षांची झाकली मूठ, आणि उघडली ती नेमकी इथं, सुनेच्या देखत, भर गावात. तिला वाटलं, आता फरशी फाटेल तर बरं.

मास्तर मात्र यादीवरून बोट फिरवत होते. "क्युसॅक... क्युसॅक नाही इथं कुणी. आणि आजी, एका वेळी एकच. इसाबेलाबाईंना मत द्यायचं असेल तर त्यांनी स्वतः यायला हवं."

कुणी हसलं नाही. मास्तरांनी पहिल्यांदाच मान वर केली आणि त्यांना सगळ्यांचे चेहरे दिसले. पोरगं गोंधळलं. त्याला खरंच काही ठाऊक नव्हतं. इथल्याच मातीत जन्मलेला, या बेटाचा इतिहास पोरांना शिकवणारा माणूस, आणि नावापुढं जहाज का येतं हे त्याला माहीत नव्हतं. भीतीनं थिजलेल्या होनोराला तशातही त्याचं नवल वाटलं. म्हणजे इतकं पुसलं गेलं सगळं? ज्याच्यापायी मी अर्धं आयुष्य जीव मुठीत धरून काढलं, ते या पोराला साधं ओळखूही येत नाही?

"नाव यादीत नसेल तर बाजूला व्हावं लागेल, आजी," मास्तर जरा हळू आवाजात म्हणाले. "उन्हाचा त्रास झालाय का त्यांना?"

हा प्रश्न त्यांनी लव्हिनियाला विचारला होता. आणि उत्तर अगदी तयार होतं. हो, उन्हानं भोवळ आली, वय झालं, काहीतरी बरळतायत, असं म्हणून म्हातारीला गाडीत घालून नेता आलं असतं. तोंडदेखलं का होईना, गावानं ते मानलं असतं. असल्या गोष्टी मानून घेण्यातच आमच्या बेटाची हयात गेली. होनोरा त्याचीच वाट बघत होती. सुनेकडे बघायचं धैर्य तिला होत नव्हतं.

लव्हिनियाचा चेहरा पांढराफटक पडला होता. मग टेबलावर हात टेकून ती म्हणाली, "इसाबेला ग्रँट ही कुणी बाई नाही, मास्तर. जहाज आहे ते."

"जहाज?"

"कैद्यांचं जहाज. तेव्हा हजेरीला असंच सांगायचे, नाव आणि जहाज. क्युसॅक हे त्यांचं माहेरचं." ती थांबली नाही. "आता त्या होनोरा व्हेनिंग. माझ्या सासूबाई. 'व्ह'मध्ये बघा, सापडतील."

मास्तरांनी बघितलं. सापडलं. त्यांचे कान लालबुंद झाले होते. ते खुर्चीवरून उठले आणि उभं राहूनच त्यांनी कागद पुढं केला. "या, मिसेस व्हेनिंग. पडदा तिकडं आहे."

पडद्याआड जरासा अंधार होता. फळीवर दोरीनं बांधलेली पेन्सिल होती. होनोरानं नावं वाचली, एकेक अक्षर लावून, सावकाश. बाहेर शांतता होती, आणि त्या शांततेत तिला उमगलं की आत कुणी डोकावणार नाही. मास्तर नाही, शिपाई नाही, राजासुद्धा नाही. साऱ्या आयुष्यात सरकारनं तिला एकटं असं कधी सोडलंच नव्हतं. तिची उंची मोजली होती, दात तपासले होते, दंडावरचा डाग लिहून ठेवला होता. आता तेच सरकार पडद्यापलीकडं खाली मान घालून थांबलं होतं, म्हातारीचं काय ठरतं ते बघत. तिला हसू आलं आणि मागोमाग रडू आलं. तिनं एका चौकटीत फुली मारली. दुसऱ्या नावापुढं नाही मारली. एमॉसला आवडलं नसतं.

पेटीत कागद टाकून ती वळली, तेव्हा हॉस्किनबाईंनी दार धरून ठेवलं होतं. लव्हिनियानं त्यांच्यासमोरून जाताना मान लववली आणि ती पायऱ्या उतरली.

गाडी चढाला लागली. होनोरा आपल्या मांडीवरच्या हातांकडे बघत होती. सुनेनं तिथं पाठ राखली खरी, पण लोकांत राखणं वेगळं, घरात राखणं वेगळं. आज ना उद्या विषय निघणारच, तर आत्ताच निघू दे, असं तिनं ठरवलं. आणि बोलायला तोंड उघडलं तेव्हा तिला एकदम दुसरंच सुचलं.

"लव्हिनिया, तुला कसं कळलं गं?"

"काय?"

"ते जहाज आहे म्हणून. त्या मास्तराला नाही कळलं. रूबेनला नसतं कळलं. हे ज्याला म्हणावं लागलं त्यालाच कळतं, नाहीतर ज्यानं ते ऐकलंय त्याला."

लव्हिनियानं लगाम ओढला. घोडा रस्त्याच्या मधोमध उभा राहिला.

"बाबा शेवटच्या आजारात होते ना," ती म्हणाली, "तेव्हा तापात उठून बसायचे. खोलीत कुणीही आलं, मी आले, डॉक्टर आले, तरी अंथरुणात ताठ बसायचे आणि हात असे बाजूला धरून मोठ्यानं म्हणायचे, जोसाया थ्रप, लॉर्ड वेअरहॅम. पुन्हा पुन्हा. मी एकवीस वर्षांची होते. शेजारी ऐकतील म्हणून मी खिडक्या लावल्या. माणसं भेटायला यायची, त्यांना दारातूनच परत पाठवलं. आणि आई, शेवटी शेवटी मी त्यांच्या तोंडावर हात धरायची. असा. हातावर त्यांचे ओठ हलायचे. ते तेच म्हणत असायचे."

तिनं तो हात मांडीवर उलटा टाकला, आपला नसल्यासारखा. होनोरानं तो उचलून दोन्ही हातांत घेतला. आधी तिच्या मनात आलं, अगं, सोन्यासारखा माणूस, अखेरच्या क्षणीसुद्धा हजेरी चुकू नये म्हणून धडपडत होता. पण ते ती बोलली नाही. सुनेला ते ठाऊकच होतं. त्याच्याचपायी तर ती इतकी वर्षं भूक नाही म्हणत आली होती.

"मी त्यांना कधी विचारलंच नाही," लव्हिनिया म्हणाली. आता ती रडत होती, लहान पोरीसारखी, नाक ओढत. "कसं होतं जहाजावर? काय खाल्लं? भीती वाटली का? काही म्हणजे काही नाही विचारलं. आता कोण सांगणार मला?"

होनोरानं टोपीची फीत सोडली. वर बागेपर्यंत अजून बरीच वाट होती. नाव घेतलेल्या त्या जहाजाबद्दल आजवर ती एमॉसशीसुद्धा नीट बोलली नव्हती. कुठून सुरुवात करावी हे तिला कळेना, मग तिनं जे आधी आठवलं तेच धरलं.

"लगाम सोड, उन्हात उभं करू नकोस त्याला," ती म्हणाली. "ऐक. पहिले आठ-दहा दिवस आम्ही सगळ्याजणी नुसत्या ओकत होतो."